फी दिली, वकीलपत्र दिलं आणि सहा महिने गेले



आज भाताच्या नोंदी नाहीत. राब पेरून झालाय, पावसाने दडी मारलीय, म्हणून जरा वेळ आहे. गेल्या महिन्यात तीन शेतकऱ्यांचे फोन आले, तिघांचा प्रश्न एकच. "वकिलाला पैसे दिले, तो काम करत नाही, फोन उचलत नाही. आता काय करायचं?" एकजण वाड्याचा, एकजण पालघरकडचा, एकजण आपल्याच उत्तनचा. प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो. मी वकील नाही, पण या वाटेने ठेचा खात गेलोय. त्या ठेचा तुम्हाला लागू नयेत एवढंच.

आमचं खाचर राईच्या बाजूला, खाडीकडे उतरणारं. जागा अठ्ठावीस गुंठे. मीरा-भाईंदरमध्ये अजून भात लावतात हे सांगितलं तर बाहेरचे लोक हसतात, पण राई, मुर्धा, मोर्वा, उत्तन, डोंगरी या पट्ट्यात हिरवं अजून शिल्लक आहे. जून २०२३ च्या पहिल्या आठवड्यात शेजारच्या जागेत रात्री डंपर आले आणि राडारोड्याचा भराव पडला. आमचं पाणी ज्या ओहोळाने खाडीला जायचं तो ओहोळ त्याखाली बुजला. जुलैच्या पावसात पाणी नऊ दिवस खाचरात उभं राहिलं आणि लावणी केलेलं रोप कुजलं.

कृषीवाल्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. आपल्या खाजणाच्या जमिनीत सुरुवातीचा पाऊस मीठ धुऊन नेतो. ते पाणी बाहेर गेलं तरच जमीन गोडी होते. निचरा बंद झाला की मीठ जागच्या जागी राहतं. मग पनवेल-१, पनवेल-३ सारखे खारं सोसणारे वाण लावा नाहीतर काही लावा, पिवळं पडायचं ते पडतंच. म्हणजे तो ओहोळ मोकळा होणं हा माझ्यासाठी एका हंगामाचा प्रश्न नव्हता, जमिनीचा होता.

नात्यातल्या एकाने वकील सुचवला. ऑगस्टमध्ये वकीलपत्रावर सही केली. दोन हप्त्यांत ३५ हजार रुपये दिले, रोख. पावती मागायची लाज वाटली. साहेब म्हणाले, "पाटील, चिंता करू नका. मामलेदार कोर्टात दावा टाकतो, ओहोळ खुला करून घेऊ." सप्टेंबरमध्ये म्हणाले, दाखल झाला. ऑक्टोबरमध्ये म्हणाले, तारीख पडली. नोव्हेंबरमध्ये, अधिकारी रजेवर होते. डिसेंबरमध्ये फोन उचलणं बंद.

जानेवारी २०२४ मध्ये सातबाऱ्याच्या दुसऱ्याच कामाला तहसीलला गेलो होतो. सहज तिथल्या बाईंना म्हटलं, ताई, आमच्या नावाचा दावा कुठवर आलाय बघता का? त्यांनी नोंदवही उलटली, मग संगणकावर बघितलं. म्हणाल्या, "दादा, तुमच्या नावाचं काहीच आलेलं नाही." बाहेरच्या बाकड्यावर किती वेळ बसलो ते आठवत नाही.

त्याहून वाईट नंतर कळलं. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराला शेताचा रस्ता किंवा शेतातल्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवणारा अडथळा काढायला लावता येतो. शेतकऱ्याला हा कायदा सोन्यासारखा आहे. पण दावा अडथळा सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत टाकावा लागतो. भराव जूनचा, म्हणजे मुदत डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपली. मी वकिलाची वाट बघत होतो आणि मुदत माझ्या डोळ्यांदेखत वाहून गेली. आणि गंमत बघा, हा दावा साध्या शब्दांत, अडथळा कधी झाला त्याची तारीख आणि जागेचं वर्णन देऊन, शेतकरी स्वतःही टाकू शकतो. ३५ हजार आणि पाच महिने मी त्या एका कागदासाठी घालवले.

पुढे मी जे केलं ते तुम्ही करू नका. सव्वा महिना मी भांडण्यात घालवला. त्यांच्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या, नातेवाइकाला मधे घातलं, रागाच्या भरात व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवलं. आई एक दिवस बोलली, "अरे, चोराच्या मागं धावतोस, पण घराचं दार उघडं टाकलंस त्याचं काय?" तिचं बरोबर होतं. वकिलाचा हिशेब पुढे कधीही करता येतो, पण मुदत गेली की परत येत नाही.

म्हणून माझं पहिलं मत असं की वकिलाशी भांडायच्या आधी केस वाचवा. क्रम असा ठेवा.

१) आधी स्वतः बघा. दिवाणी किंवा फौजदारी कोर्टातली केस असेल तर तिला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो. तो ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झालं, सगळं मोबाईलवर दिसतं. महसुली केसेससाठी राज्य सरकारची ई-क्यूजे कोर्ट्स ही वेगळी व्यवस्था आहे. वकील नंबर देत नसेल, "नंतर देतो" म्हणत असेल, तर तिथेच समजा की पाणी मुरतंय. मोबाईल जमत नसेल तर पोराला सांगा, नाहीतर कोर्टात जाऊन लिपिकाला विचारा.

२) केस निकालात निघाली असेल तर दिवस मोजा. तारखेला कोणी हजर नव्हतं म्हणून दावा काढून टाकला असेल, किंवा तुमच्याविरुद्ध एकतर्फी हुकूम झाला असेल, तर तो पूर्ववत करण्याचा किंवा रद्द करण्याचा अर्ज साधारण ३० दिवसांत टाकायचा असतो. उशीर झाला तर उशीर माफीचा अर्ज सोबत द्यायचा, आणि त्यात प्रत्येक दिवसाचं खरं कारण सांगायचं.

इथे दोन निकाल लक्षात ठेवा. १९८१ मध्ये रफीक विरुद्ध मुन्शीलाल या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की खेड्यातल्या माणसाने वकील नेमला, फी दिली, मग वकील गैरहजर राहिला म्हणून त्या माणसाला शिक्षा नको. हे ऐकून बरेच जण निवांत होतात. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये रजनीश कुमार विरुद्ध वेद प्रकाश या केसमध्ये त्याच कोर्टाने बजावलं की सगळं खापर वकिलावर फोडून उशीर माफ करून मिळणार नाही, पक्षकारानेही आपल्या केसवर लक्ष ठेवायला हवं. थोडक्यात, तुम्ही चौकशी करत होता याचा पुरावा असेल तर पहिला निकाल तुमच्या कामाचा. नसेल तर दुसरा तुमच्या अंगावर येतो.

३) कागद परत घ्या. "आधी उरलेली फी द्या, मग फाईल देतो," असं ऐकलंय ना? सन २००० मध्ये आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की फी बाकी आहे म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत. मध्य प्रदेशातल्या एका सहकारी बँकेच्या फायली वकिलाने फीसाठी अडकवल्या होत्या. फी हवी असेल तर त्याने वेगळा मार्ग घ्यावा, पण फाईल तुमची. मागणी लेखी करा, पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. माझे कागद तोंडी मागून दोन महिने आले नव्हते, रजिस्टर पत्र गेल्यावर आठव्या दिवशी आले.

४) वकील बदला. वकीलपत्र म्हणजे लग्नगाठ नव्हे. रीत अशी की जुन्या वकिलाची ना-हरकत घेऊन नवा वकील आपलं वकीलपत्र टाकतो. जुना सही देत नसेल तर नवा वकील कोर्टाला कारण सांगून परवानगी मागू शकतो. ना-हरकतीसाठी महिनोन्महिने कोणाच्या मागे फिरू नका.

नव्या वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. आपल्यासाठी ते ठाण्याला आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे महिला, अनुसूचित जाती-जमातीची माणसं आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, आणि बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर. १५१०० हा त्यांचा फोन नंबर आहे. सातबारा आईच्या किंवा बायकोच्या नावावर असेल तर हे नक्की वाचा. केस त्यांची असेल तर मदतीचा हक्कही त्यांचा.

एवढं सगळं झाल्यावर मग पैशाचा आणि तक्रारीचा विषय.

५) लेखी हिशेब मागा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत आहे की वकील केस सोडत असेल तर पुरेशी सूचना द्यायची आणि ज्या कामाची फी कमावलेली नाही ती परत करायची. तुमच्यासाठी मिळालेल्या रकमेचा हिशेबही द्यायचा. म्हणून पत्रात शिव्या नकोत. अमुक तारखेला एवढे दिले, अमुक काम ठरलं होतं, ते झालं नाही, पंधरा दिवसांत फी आणि कागद परत करा, एवढंच लिहा. मला ३५ पैकी २० हजार परत मिळाले. उरलेले १५ हजार मी शिकवणीची फी समजतो, कारण रोख दिल्याचा कागद माझ्याकडे नव्हता.

६) बार कौन्सिल. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम ३५ खाली राज्याच्या बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. आपलं बार कौन्सिल महाराष्ट्र आणि गोव्याचं एकत्र आहे. तक्रार प्रथमदर्शनी खरी वाटली तर ती शिस्तपालन समितीकडे जाते. समिती ताकीद देऊ शकते, काही काळ सनद निलंबित करू शकते, नाहीतर नावच काढून टाकू शकते. वर्षभरात निकाल लागला नाही तर प्रकरण दिल्लीच्या बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं, असं कलम ३६ब सांगतं. तक्रार आपल्या स्वतःच्या वकिलाची करा. समोरच्या बाजूचा वकील आपल्याला नडला म्हणून केलेली तक्रार सहसा टिकत नाही.

पण एक गोष्ट समजून घ्या. ही समिती वकिलाला शिक्षा देते, तुमचं नुकसान भरून देणं तिचं काम नाही. १९७८ चा रंगादुराई विरुद्ध गोपालन हा तामिळनाडूचा निकाल बघा. एका बहिऱ्या म्हाताऱ्याने आणि एका बाईने १५ हजार आणि ५ हजारांच्या दोन वचनचिठ्ठ्यांची वसुली वकिलाकडे दिली, खर्चाचे पैसे दिले. वकील दावे चालू असल्याचं सांगत राहिला आणि वसुलीची मुदत निघून गेली. माझीच गोष्ट, फक्त पंचेचाळीस वर्षं आधीची. राज्य बार कौन्सिलने सहा वर्षं निलंबन दिलं, वर जाऊन ते एक वर्षावर आलं. सुप्रीम कोर्टाने दोष कायम ठेवला, पण त्या एका वर्षाचा काही भाग मोफत कायदेशीर मदतीच्या कामात बदलला. म्हणून सनद जाईल या आशेवर बसू नका.

७) भरपाई हवी असेल तर दिवाणी दावा. लीगल प्रॅक्टिशनर्स (फीज) ॲक्ट, १९२६ चं कलम ५ सांगतं की निव्वळ वकील आहे म्हणून निष्काळजीपणाच्या नुकसानीतून कोणी सुटत नाही. खोटा हुकूम दाखवला, तुमच्या नावाने मिळालेला पैसा खिशात घातला, असं काही असेल तर पोलिसांकडे जा. नुसतं काम केलं नाही, एवढ्यावर फौजदारी होत नाही.

आणि ग्राहक कोर्ट? मी तिथेच जायचं ठरवलं होतं. अर्ज लिहून तयार होता. १४ मे २०२४ ला सुप्रीम कोर्टाचा डी. के. गांधी प्रकरणातला निकाल आला की वकिलाच्या सेवेबद्दल ग्राहक कोर्टात जाता येणार नाही. तो रस्ता बंद झाला. कोणी अजूनही "ग्राहक मंचात टाकू" म्हणत असेल तर तुमचा वेळ घालवतोय.

आपल्या लोकांना हे पचत नाही. कारण बियाण्याचं आपल्याला माहीत आहे. पेरलेलं उगवलं नाही तर पंचनामा होतो, तालुक्याच्या समितीचा अहवाल येतो आणि ग्राहक कोर्टात जाता येतं. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्याच केसमध्ये सांगितलं की बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे. मग बियाण्याच्या पिशवीला जबाबदारी आहे आणि ३५ हजार घेणाऱ्याला नाही, हे कसं? मलाही राग आला होता.

पण निकालाचं कारण समजून घेतलं तेव्हा माझा विचार थोडा बदलला. कोर्ट म्हणतं, वकील कसं काम करतो यावर ताबा पक्षकाराचा असतो. तो तुमच्या नावाने, तुमच्या सांगण्यावरून उभा राहतो, तुमच्या परवानगीशिवाय तडजोडसुद्धा करू शकत नाही. हे वाचून मी स्वतःशीच हसलो. ताबा? आम्ही तर त्यांच्या केबिनबाहेर चप्पल काढून उभे राहतो! पण कायदा ताबा आपल्या हातात आहे असं धरून चालत असेल, तर तो आपण घ्यायला नको का? सालगड्याला शेत देऊन आपण वर्षभर तिकडे फिरकलो नाही तर पिकाचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे. केसचंही तेच.

निकालाबद्दल माझी तक्रार एवढीच की दार बंद केलं, पण पर्याय धड ठेवला नाही. बार कौन्सिल म्हणजे वकिलांनी वकिलाचा न्याय करायचा, तोही नुकसान भरून न देता. छोट्या शेतकऱ्याला १५-२० हजारांसाठी नवा दिवाणी दावा परवडत नाही. फीची पावती सक्तीची करा, आणि शिस्तपालन समितीलाच फी परत करायला लावण्याचा अधिकार द्या, ही मागणी शेतकरी संघटनांनी लावून धरायला हवी, असं माझं मत आहे.

टक्केवारीबद्दलही बोलायला हवं. जमीन संपादनात वाढीव मोबदल्याच्या केसेस जिथे जिथे आहेत तिथे "जे वाढेल त्यातले एवढे टक्के माझे" असा सौदा सर्रास चालतो. बार कौन्सिलच्या नियमांत निकालावर अवलंबून फी ठरवायला बंदी आहे. डिसेंबर २०१७ मध्ये बी. सुनीता विरुद्ध तेलंगणा राज्य या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने मोबदल्यातल्या टक्क्यांवर ठरवलेली फी बेकायदा ठरवली आणि त्यासाठी घेतलेल्या चेकवरची केस रद्द केली. म्हणून कोरे चेक देऊ नका. दिले असतील तर लेखी परत मागा.

आता दुसरी बाजू. केस हरली म्हणजे वकिलाने फसवलं असं नाही. खत, पाणी, फवारणी सगळं वेळेवर करूनही गारपीट झाली तर कृषी सहायकाला दोष देतो का आपण? तारखा लांबतात त्याला कोर्टावरचा बोजाही कारण असतो. आपणही कमी नाही. कागद वेळेवर देत नाही, खरी गोष्ट लपवतो, लावणीच्या दिवसांत तारीख विसरतो. माझे आताचे वकील तारीख झाली की संध्याकाळी एक ओळ पाठवतात. असेही पुष्कळ आहेत. दोष काम न करण्याचा आणि खोटं सांगण्याचा आहे, हरण्याचा नाही.

मामलेदार कोर्टाचा सोपा मार्ग गेला, म्हणून मी आता दिवाणी दावा लढतोय. लांबचा रस्ता आहे. त्यातल्या त्यात बरं म्हणजे मार्च २०२५ मध्ये मीरा रोडला आपल्या शहराचं न्यायालय सुरू झालं, त्यामुळे उठसूट ठाण्याला पळावं लागत नाही. ओहोळ अजून बुजलेला आहे. गेल्या पावसात बांधाच्या कडेने हाताने चर खोदून निम्मं पाणी काढलं, निम्मं भात हाती लागलं.

मी आता पेरणीच्या वहीतच शेवटची चार पानं केसला ठेवलीत. केस नंबर, पुढची तारीख, मुदत कधी संपते, किती पैसे कधी दिले. पैसे फक्त बँकेतून. वकीलपत्राची झेरॉक्स माझ्याकडे. दाखल केलेल्या प्रत्येक कागदाची शिक्क्याची प्रत माझ्याकडे. महिन्यातून एकदा, अमावास्येला, मी मोबाईलवर केस बघतो. अमावास्या का, तर त्या दिवशी मोठ्या उधाणाला उघाडी बघायला जातोच. खारं पाणी कुठून शिरतंय ते बघायचं, आणि मग केस कुठे अडलीय तेही बघायचं.

तुमची कुठे केस चालू असेल तर आज जेवणाआधी तिचा नंबर शोधा. सापडला नाही तर उद्या सकाळी वकीलसाहेबांना नमस्कार करून, शांतपणे, नंबर आणि दाखल केल्याची प्रत मागा. चांगला वकील रागावणार नाही. रागावला, तर तुम्हाला उत्तर मिळालंच.

पाऊस आला की लावणीच्या नोंदी टाकतो. रामराम.